न्यूट्रल पडत नाही? इंजिन खोलायला देण्याआधी हे करून बघा

न्यूट्रल पडत नसेल तर पहिलं काम एकच. इंजिन बंद करा, क्लच दाबा आणि गाडी जागेवरच किंचित मागेपुढे हलवत, हलक्या पायाने फर्स्टमधून न्यूट्रल टाकून बघा. मग गाडी सुरू करा, फर्स्ट टाका आणि तेच पुन्हा करा. इंजिन बंद असताना न्यूट्रल सहज पडतंय आणि चालू असताना पडत नाही, असं दिसलं तर गिअरबॉक्सला बहुधा काहीही झालेलं नाही. दोष क्लचकडे आहे, आणि क्लचचा दोष म्हणजे बऱ्याचदा एखादी वायर, एखादा नट किंवा दमलेलं ऑइल. इंजिन बंद असतानाही गिअर अडखळत असेल, तरच गिअर लिव्हर आणि त्यामागच्या यंत्रणेकडे वळायचं.

हे इतक्या ठामपणे सांगतोय, कारण ही दोन मिनिटांची चाचणी माहीत नसल्यामुळे माझ्या १५० सीसीच्या गाडीचं इंजिन विनाकारण खोललं गेलं. गॅरेजमध्ये मला सांगितलं गेलं की आतला स्टार झिजलाय, गिअरचं काम निघालंय. गाडी चार दिवस तिथेच राहिली. परत आल्यावर आठवडाभर बरी चालली, आणि मग सिग्नलला पुन्हा तेच: फर्स्ट, सेकंड, फर्स्ट, सेकंड. शेवटी एका रविवारी मी टाकी उचलून क्लचची वायर मुठीपासून इंजिनपर्यंत हाताने चाचपत गेलो. हँडलच्या मानेपाशी वायरचं बाहेरचं आवरण चेपलं होतं. नवी वायर टाकली आणि न्यूट्रल पहिल्या फटक्यात पडलं. खोललेल्या इंजिनाचे पैसे गेले ते गेलेच. पण त्याहून जास्त वाईट याचं वाटलं, की कारखान्यात नीट बसवलेलं इंजिन गरज नसताना उघडलं गेलं. तुमच्या गाडीच्या बाबतीत हे होऊ नये, म्हणून क्रम सांगतो. आधी फुकटातलं, मग स्वस्तातलं, आणि इंजिनाला हात सगळ्यात शेवटी.

आत नेमकं काय अडतं

मोटारसायकलच्या गिअरबॉक्समध्ये सगळ्या गिअरच्या जोड्या कायम एकमेकांत अडकलेल्याच असतात. गिअर टाकणं म्हणजे एका चाकाच्या अंगावरचे जाड खुंट शेजारच्या चाकाच्या खाचांमध्ये सरकवणं. हे सरकवण्याचं काम चिमट्यासारखे फोर्क करतात आणि फोर्कना हलवतो तो खाचा असलेला ड्रम. ड्रमच्या टोकाला चांदणीच्या आकाराची चकती असते. तिलाच मेकॅनिक स्टार म्हणतात. स्प्रिंगवर दाबलेलं एक छोटं रोलर त्या चकतीच्या खोबणीत बसतं आणि गिअर जागेवर ठरतो.

यातली गंमत न्यूट्रलच्या खोबणीत आहे. बऱ्याच गाड्यांत ती फर्स्ट आणि सेकंडच्या मधोमध असते आणि बाकीच्यांपेक्षा मुद्दामच उथळ ठेवलेली असते. तशी नसती, तर वेगात फर्स्टवरून सेकंड टाकताना गाडी दर वेळी मध्येच न्यूट्रलला अडकली असती. म्हणजे न्यूट्रल सापडायला थोडं नाजूक असणं हा दोष नव्हे, रचनाच तशी आहे.

आता क्लच दाबूनही पूर्ण सुटत नाही असं समजा. गाडी उभी आहे, म्हणजे चेनमुळे चाकाला बांधलेला शाफ्ट थांबलेला आहे. पण इंजिनकडचा शाफ्ट चिकटलेल्या क्लचमधून थोडा थोडा जोर घेतच राहतो. हा सगळा जोर खुंटांवर येतो. वेग घेताना गिअर निसटू नये म्हणून बऱ्याच गाड्यांत खुंटांच्या कडा आतल्या बाजूला तिरक्या कापलेल्या असतात, त्यामुळे जोर आला की ते आणखी घट्ट धरतात. तुम्ही पायाने उचलता तर ते सुटत नाहीत. मग चिडून जोरात उचलता, ते एकदम सुटतात, ड्रम उथळ खोबणीवरून उडी मारतो आणि थेट सेकंड पडतो. फर्स्ट-सेकंडचा खेळ होतो तो असा. पाय कितीही जोरात मारला तरी हा खेळ थांबत नाही. खुंटांवरचा जोर काढावा लागतो.

पायाची सवय

गाडी पूर्ण थांबण्याआधी न्यूट्रल टाकायची सवय सगळ्यात उपयोगी. सेकंडमध्ये हळू होत या, गाडी चालण्याच्या वेगाला आली की क्लच पूर्ण दाबा आणि पायाच्या बोटाने गिअर लिव्हरला अर्धाच दाब द्या. चाक फिरत असतं तेव्हा दोन्ही शाफ्ट हलते असतात, खुंट मोकळे असतात आणि न्यूट्रल लोण्यासारखं पडतं. थांबल्यावर फर्स्टमधून वर उचलण्यापेक्षा, सेकंडमधून खाली अर्धा दाबणं बहुतेकांना सोपं जातं, कारण उचलताना पायाच्या जोराचा अंदाज चुकतो.

थांबल्यावरच न्यूट्रल हवं असेल आणि पडत नसेल, तर क्लच लिव्हर अगदी हळू सोडा. गाडी पुढे सरकायला पाहते त्या क्षणी पुन्हा पूर्ण दाबा आणि त्याच वेळी पायाने हलकेच उचला. खुंटांवरचा जोर तेवढ्यापुरता हलतो आणि ते सुटतात. पुढे माणूस किंवा गाडी खेटून उभी असेल तर हे करू नका, त्याऐवजी पाय टेकवून गाडी वीतभर मागेपुढे हलवा. अगदीच अडलं तर किल स्विचने इंजिन बंद करा, न्यूट्रल टाका, पुन्हा सुरू करा.

एक चूक अनेकजण करतात आणि ती लक्षातही येत नाही. गिअर टाकल्यावर पाय लिव्हरवरच दाबून ठेवतात. आतला पंजा प्रत्येक वेळी मागे येऊन पुढच्या दातात अडकावा लागतो, आणि पाय पूर्ण काढल्याशिवाय तो मागे येत नाही. म्हणून प्रत्येक प्रयत्नानंतर पाय मोकळा करा. पावसाळ्यात गमबूट किंवा नवे जाड बूट घालायला लागल्यावरच त्रास सुरू झाला असेल, तर लिव्हर बुटाला खालून नीट लागतोय का ते बघा.

उतारावर फर्स्टमध्ये उभी केलेली गाडी हाही नेहमीचा प्रसंग. अख्ख्या गाडीचं वजन त्या खुंटांवर टेकलेलं असतं. तिथे लिव्हरशी झटापट न करता गाडी चढाच्या बाजूला दोन बोटं ढकला, वजन उतरलं की न्यूट्रल आपोआप मिळतं. साइडकार लावलेली किंवा तीनचाकी केलेली मोटारसायकल जड असते, ती पायाने डोलवणं अवघड. ती उभी करताना, हँडब्रेक असेल तर आधी तो लावून वजन त्याच्यावर घ्यायचं आणि मगच गिअर टाकायचा, म्हणजे निघताना ही अडचण येत नाही.

क्लच वायर: इथे वेळ द्या

पायाची सवय नीट असूनही त्रास होत असेल तर आता क्लच वायर. या एका भागावर अर्धा तास घालवलात तर बाकीचं बरंच काही करावं लागणार नाही.

आधी डोळ्यांनी बघा. क्लच लिव्हर मुठीला टेकेपर्यंत जातोय का? मुठीवर फोमचं जाड कव्हर चढवलं असेल, हँडगार्ड किंवा मोबाईलचा स्टँड मध्ये येत असेल, लिव्हर एखाद्या पडण्यात वाकला असेल, तर तुम्ही पूर्ण दाबलाय असं वाटतं, पण क्लच पाऊणच सुटलेला असतो. फोमची ग्रिप काढल्याबरोबर न्यूट्रल पडायला लागलेल्या गाड्या मी पाहिल्यात. लिव्हरचा बोल्ट आणि त्याचं भोक झिजून लिव्हर वरखाली डुगडुगत असेल, तर तिथेही दाब वाया जातो.

मग ढिलाई मोजा. लिव्हर बोटाने हलकेच ओढा. वायर ताणली जाऊन जोर लागायला लागेपर्यंत लिव्हरचं टोक किती सरकतं, ती ढिलाई. होंडा आणि हिरोच्या बहुतेक रोजच्या वापराच्या गाड्यांत ती टोकाशी १० ते २० मिमी सांगितलेली असते. तुमच्या गाडीचा आकडा गाडीसोबतच्या पुस्तिकेत असतो, तोच धरा. ढिलाई जास्त असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही आणि न्यूट्रल पडत नाही. अगदीच नसेल तर उलटा त्रास होतो: क्लच पूर्ण धरत नाही, घसरतो, रेस वाढते पण गाडी पळत नाही, आणि प्लेट जळतात. न्यूट्रल पडावं म्हणून वायर तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणून ठेवणारे लोक आहेत. महिन्याभरात ते क्लचप्लेटला पैसे घालतात. थोडी ढिलाई राहायलाच हवी.

ॲडजस्टमेंट अशी करा. इंजिन थंड असू द्या. लिव्हरपाशी रबरी टोपणाखाली गोल ॲडजस्टर असतो, त्याचं लॉक ढिलं करून तो आधी पूर्ण आत फिरवा. आता इंजिनकडच्या टोकाला या. तिथे वायरवर दोन नट एकमेकांना आवळलेले असतात. लॉकनट सैल करा, दुसऱ्या नटाने वायर ओढून जवळजवळ हवी तेवढी ढिलाई आणा आणि लॉकनट पुन्हा आवळा. उरलेला बारीक फरक वरच्या ॲडजस्टरने काढा. वरचा ॲडजस्टर खूप बाहेर आला की त्याचे आटे कमी धरतात आणि एखाद्या दिवशी तो वाकतो किंवा तुटतो, म्हणून मोठं काम खालच्या नटानेच करायचं. शेवटी वरच्या ॲडजस्टरची चीर लिव्हरच्या चिरेसमोर येणार नाही अशी फिरवून ठेवा, नाहीतर वायर निसटते आणि पावसाचं पाणीही आत उतरतं. खालचे आटे संपले आणि तरी ढिलाई जात नसेल, तर वायर ताणली गेलीय, ती बदलायची.

हे झाल्यावर गाडी उभी असताना हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे फिरवा. ढिलाई बदलते का? बदलत असेल तर वायर चुकीच्या वाटेने गेलीय किंवा मानेपाशी चेपतेय. माझ्या गाडीत हेच होतं.

वायर काढून हातात घ्या. आतली तार ओढली की सरसर यायला हवी, खरखर लागता कामा नये. लिव्हरकडच्या बोंडापाशी तारेचे एकदोन पदर तुटलेले दिसले तर ऑइल घालून वेळ मारून नेऊ नका, नवी वायर घ्या. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यानंतर तार आतून गंजलेली मिळणं नेहमीचंच. वायर ठीक असेल तर ती उभी टांगा, वरच्या टोकाला प्लॅस्टिकच्या पिशवीचा कोपरा शंकूसारखा बांधा, त्यात पातळ ऑइल ओता आणि खालून थेंब पडेपर्यंत थांबा. काही वायरींना आतून नायलॉनचं अस्तर असतं, त्यांच्या पुस्तिकेत ऑइल घालू नका असं लिहिलेलं असेल तर ते पाळा.

लांब घाटरस्त्यांवर जाणाऱ्यांनी नवी वायर जुन्याच्या शेजारूनच, दोन्ही टोकांना टेप लावून, ओवून ठेवावी. तुटली तर रस्त्याच्या कडेला दहा मिनिटांत बदलता येते.

हायड्रॉलिक क्लच असेल तर वायर नसते, पण दोष तोच. डब्यातली पातळी बघा, लिव्हर स्पंजासारखा मऊ लागतोय का बघा. आत हवा गेली असेल तर ती काढावी लागते. झाकणावर जे द्रव लिहिलंय तेच घाला. खनिज तेलाच्या प्रणालीत ब्रेकचं तेल गेलं तर रबरी सील फुगून खराब होतात.

स्लो आणि ऑइल

गाडी उभी असताना इंजिन किती वेगाने फिरतंय (यालाच स्लो म्हणतात), याला न्यूट्रलच्या बाबतीत फार महत्त्व आहे. शंभर-दीडशे सीसीच्या बहुतेक गाड्यांना मिनिटाला साधारण १४०० फेरे पुरतात. थंडीत गाडी बंद पडते म्हणून स्लोचा स्क्रू आवळून तो २००० च्या पुढे नेलेला असेल, तर नीट क्लचही थोडा ओढायला लागतो. इंजिन गरम करून कार्ब्युरेटरचा स्लो पुन्हा जागेवर आणा. इंजेक्शनवाल्या गाडीत स्क्रू फिरवत बसू नका. रेसची वायर अडकतेय का ते बघा आणि थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारा भाग) साफ करून घ्या.

ऑइलकडे लोक इंजिनापुरतं बघतात. पण आपल्या बहुतेक मोटारसायकलींत तेच ऑइल इंजिनात, गिअरबॉक्समध्ये आणि क्लचमध्येही असतं. क्लचच्या प्लेट ऑइलमध्ये बुडूनच काम करतात. ऑइल जुनं होऊन घट्ट आणि चिकट झालं की प्लेट एकमेकींपासून सुटायला वेळ लावतात. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (ओल्या क्लचच्या मोटारसायकलच्या ऑइलची खूण) लिहिलेलं हवं आणि घट्टपणाचा आकडा पुस्तिकेत आहे तोच हवा. स्प्लेंडरला १०डब्ल्यू-३० लागतं, रॉयल एनफिल्डच्या आजच्या ३५० सीसी गाड्यांना १५डब्ल्यू-५०. पातळ ऑइलच्या गाडीत ‘इंजिनाला चांगलं’ म्हणून घट्ट ऑइल भरलं तर थंडीतल्या सकाळी न्यूट्रल रुसतंच. घरात स्कूटर आणि मोटारसायकल दोन्ही असतील तर आणखी एक काळजी. गिअर नसलेल्या स्कूटरच्या ऑइलवर बऱ्याचदा जासो एमबी असतं. ते जास्त निसरडं असतं आणि ओल्या क्लचच्या मोटारसायकलमध्ये क्लच घसरू शकतो.

पातळी बघताना गाडी सपाटीवर सरळ उभी हवी, साइड स्टँडवर नाही. हिरो-होंडाच्या गाड्यांत ऑइल मोजायची काडी आटे न फिरवता फक्त टेकवून बघायची असते. फिरवून बघितलं तर पातळी खोटी जास्त दिसते. ऑइल मर्यादेच्या वर भरलं असेल तरी क्लच त्यात घुसळत राहतो. पुराच्या पाण्यातून गाडी नेली असेल आणि ऑइल दुधाळ दिसत असेल, तर न्यूट्रलचा विचार नंतर. गाडी सुरू न करता आधी ऑइल काढा.

सकाळी पहिल्यांदा फर्स्ट टाकताना गाडी धाडकन झटका मारते, हे रात्रभर चिकटलेल्या प्लेटमुळे. इंजिन सुरू करण्याआधी गिअरमध्ये क्लच दाबून गाडी दोनदा मागेपुढे ढकला. प्लेट सुटतात.

क्लच किती ओढतोय ते मोजा

वायर आणि ऑइल दोन्ही ठीक करूनही त्रास आहे? मग गाडी डबल स्टँडवर घ्या, मागचं चाक हवेत असू द्या, इंजिन गरम असू द्या. क्लच पूर्ण दाबून फर्स्ट टाका आणि क्लच दाबलेलाच ठेवा. चाक हळूहळू फिरेल, ते साहजिक आहे, ओल्या क्लचमध्ये ऑइलच थोडं ओढतं. आता मागचा ब्रेक हलकेच दाबा. चाक मुकाट्याने थांबलं आणि इंजिनचा आवाज बदलला नाही, तर क्लच ठीक सुटतोय. चाक थांबवताना इंजिन गुदमरलं किंवा बंद पडलं, तर क्लच ओढतोय हे नक्की. चाकाला हात किंवा पाय लावून थांबवायचा प्रयत्न चुकूनही करू नका. चेन आणि आऱ्यांमध्ये बोटं जातात.

डबल स्टँड नसलेल्या गाडीत सपाट मोकळ्या जागी गाडीवर बसून हेच करा. क्लच पूर्ण दाबून फर्स्ट टाकल्यावर गाडी पुढे सरकायला बघते का, आणि फर्स्ट पडताना इंजिनचे फेरे खाली येतात का, एवढं बघा.

त्रास कधी होतो हेही लिहून ठेवा. फक्त थंड असताना होत असेल तर ऑइलकडे संशय. सकाळी ठीक आणि तासभर गर्दीतून किंवा खंबाटकीसारख्या घाटात ट्रकमागे अर्ध्या क्लचवर रांगल्यानंतर होत असेल, तर प्लेट तापून वाकतात, किंवा गरम झाल्यावर वायरची ढिलाई बदलते. थंड आणि गरम इंजिनात ढिलाई वेगवेगळी मोजून बघा. अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवण्याची सवय हे प्लेट वाकण्याचं सगळ्यात मोठं कारण आहे. चढावर गाडी ब्रेकने धरायची असते.

चेन आणि गिअर लिव्हर

चेन फार ताणलेली असेल तर गिअरबॉक्सच्या शाफ्टवर सतत ओढ राहते आणि गिअर जड पडतात. बऱ्याच लहान गाड्यांत मधोमध २० ते ३० मिमी ढिलाई पुरते. चाक फिरवून तीनचार ठिकाणी मोजा. एका जागी ताठ आणि दुसरीकडे लोंबत असेल तर चेन-स्प्रॉकेट संपलेत.

इंजिन बंद असतानाही गिअर अडखळत असेल, तर आता लिव्हर. गाडी डाव्या अंगाला पडली असेल तर लिव्हर आत वाकून इंजिनच्या कव्हरला किंवा गार्डला घासतो. लिव्हर हाताने हलवा. शाफ्ट न हलता नुसता लिव्हरच थोडा फिरत असेल, तर त्याचा बोल्ट ढिला आहे किंवा आतले दाते गेलेत. लिव्हर मागे असून मध्ये सळई आणि गोल सांधे असलेल्या गाड्यांत चिखल वाळून सांधे अडकतात. धुऊन ग्रीस लावा. दाबल्यावर लिव्हर आपोआप मध्यावर परत आला पाहिजे. तो सुस्तपणे येत असेल किंवा येतच नसेल, आणि सांधे स्वच्छ असतील, तर आतली परतीची स्प्रिंग किंवा तिची पिन बघावी लागेल. पडताना शाफ्ट स्वतः वाकलेला असेल तर लिव्हरच्या मुळाशी ऑइल झिरपलेलं दिसतं.

क्लच खोलायचाच झाला तर

बहुतेक गाड्यांत क्लच उजव्या कव्हरखाली असतो. तो बघायला संपूर्ण इंजिन उतरवावं लागत नाही. हे गॅरेजमध्ये ठामपणे सांगा: आधी फक्त उजवं कव्हर. शक्य असेल तर शेजारी उभे राहा.

स्वतः करत असाल तर ऑइल काढा, आणि कव्हरचे बोल्ट कार्डबोर्डवर कव्हरचा आकार काढून त्या त्या जागी खोचून ठेवा. त्यांच्या लांब्या वेगळ्या असतात. लांब बोल्ट आखूडच्या जागी गेला तर ॲल्युमिनियमचे आटे फाटतात. प्लेट काढताना ज्या क्रमाने येतील त्याच क्रमाने मांडा आणि फोटो काढा. काही क्लचमध्ये सगळ्यात बाहेरची प्लेट बाकीच्यांपेक्षा एक खाच सोडून बसते, काहींत चपट्या स्प्रिंगची बाजू ठरलेली असते.

आता तीन गोष्टी बघा. स्टीलच्या प्लेट सपाट काचेवर ठेवा आणि कडेखाली फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) सरकवून बघा. अनेक कंपन्यांची मर्यादा ०.२ मिमीच्या आसपास असते. त्याहून जास्त वाकलेली किंवा निळी पडलेली प्लेट परत बसवू नका. मग हाऊसिंगच्या (प्लेट ज्यात बसतात तो डबा) बोटांवरून नख फिरवा. प्लेटच्या कानांनी तिथे खाचा पाडल्या असतील तर प्लेट त्यात अडकतात आणि सुटत नाहीत. नवी प्लेट टाकूनही न्यूट्रल न पडण्याचं हे हमखास कारण आहे आणि घाईत ते हमखास सुटतं. बारीक खाचा कानसने सपाट करता येतात, खोल असतील तर हाऊसिंग बदलायचं. तिसरं, मधला नट ढिला नाही ना, ढकलणारी दांडी वाकलेली किंवा तिचं टोक झिजलेलं नाही ना, बेअरिंग खरखरत नाही ना.

नव्या प्लेट बसवण्याआधी स्वच्छ इंजिन ऑइलमध्ये काही तास भिजवा. स्प्रिंग बदलायच्या तर सगळ्या एकत्र. त्यांचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळा. बोल्ट लहान असतात, जोर केला तर मोडतात. पॅकिंग नवं घाला आणि शेवटी वायरची ढिलाई पुन्हा पहिल्यापासून लावा, कारण प्लेट बदलल्या की ती बदलते.

क्लच निर्दोष निघाला, लिव्हर निर्दोष निघाला, आणि इंजिन बंद असतानाही न्यूट्रल पडत नाही, एवढं सगळं जुळलं तरच स्टार, रोलरची स्प्रिंग, फोर्क आणि खुंट यांचा विचार. स्टार आणि रोलर पुष्कळ गाड्यांत क्लचमागेच सापडतात. फोर्कपर्यंत जायला मात्र इंजिनचे दोन भाग करावे लागतात.

जुनी बुलेट, मूठ फिरवायच्या गाड्या

उजव्या पायाने गिअर टाकायच्या जुन्या ओतीव लोखंडी इंजिनाच्या बुलेटमध्ये या त्रासावर कारखान्याचाच उपाय होता: टाचेने दाबायचा वेगळा छोटा लिव्हर. सेकंड, थर्ड, फोर्थ, कुठूनही क्लच धरून तो दाबला की गाडी थेट न्यूट्रलला, फर्स्टमधून मात्र नाही. तो काम करत नसेल तर जुन्या बुलेटचा क्लच दोन ठिकाणी लावावा लागतो हे लक्षात ठेवा. आधी गिअरबॉक्सवरच्या झाकणाआडचा दांडीचा स्क्रू, मग वायर. नुसती वायर ताणून भागत नाही. कावासाकीने वेगळी युक्ती केली. त्यांच्या बऱ्याच गाड्यांत गिअरमध्ये लोखंडी गोळ्या असतात. शाफ्ट थांबला की त्या खाली पडून सेकंडची वाट अडवतात, म्हणून उभ्या गाडीत फर्स्टमधून उचललं की न्यूट्रलच पडतं.

चेतकसारख्या जुन्या स्कूटर आणि मूठ फिरवून गिअर टाकायच्या रिक्षा यांत क्लचइतक्याच गिअरच्या दोन वायरी महत्त्वाच्या. एक एका दिशेला ओढते, दुसरी उलट. त्या ताणल्या गेल्या की मुठीवरची खूण न्यूट्रलला आणि आत भलतंच काहीतरी. आधी गाडी ढकलून ती खरोखर न्यूट्रलला आहे याची खात्री करा, मूठ न्यूट्रलच्या खुणेवर धरा आणि मग दोन्ही वायरी इतपतच लावा, की कुठलीच लोंबणार नाही आणि कुठलीच ताणणार नाही.

हिरवा दिवा

कधी न्यूट्रल पडलेलं असतं, दिवाच लागत नाही. गाडी ढकलून बघा, मोकळी सरकली तर दोष बल्बचा, इंजिनवरच्या स्विचचा किंवा चिखलात गंजलेल्या त्याच्या वायरचा. उलटा प्रकार धोक्याचा: दिवा लागलाय आणि गाडी गिअरमध्ये. स्विचचा संपर्क बिघडला किंवा त्याची वायर कुठेतरी इंजिनला टेकली की हे होतं. म्हणून दिवा दिसला तरी क्लच एकदम सोडू नका, हळू सोडा. घरातल्या नव्याने शिकणाऱ्या मुलामुलींना हे आवर्जून सांगा.

दुरुस्ती झाल्यावर गॅरेजच्या दारातल्या थंड गाडीवर विश्वास ठेवू नका. अर्धा तास गर्दीतून चालवा, इंजिन पूर्ण तापू द्या, मग थांबून दहा वेळा फर्स्टमधून आणि दहा वेळा सेकंडमधून न्यूट्रल टाका. एकदोनदा चुकलं तर चालेल. त्याहून जास्त चुकलं, तर पैसे देण्याआधी गाडी परत आत घ्यायला सांगा आणि पहिला पाना क्लच वायरलाच लावायला लावा.